कोवलमचा केवडा, टी. नगरचं कपाट

ऑगस्टात चेन्नईला कोण जातं, असं घरी एकूण एकाने विचारलं. खरं तर कुणी जाऊ नये. पण मला एक भुंगेरा जिवंत बघायचा होता आणि त्याला माझ्या सोयीचं हवामान ठाऊक नव्हतं.

मी मिरजेला शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात कीटकांची चित्रं काढते. शास्त्रीय लेखांसोबत छापतात ती, पायावरचा केसन्‌केस दाखवणारी. सरस्वती राव चेन्नईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. वर्षभर आमची इंग्रजीतून ईमेल चालली होती. एकदा फोन केला, तर पलीकडून आवाज आला, ‘‘तुम्ही मिरजेच्या काय? मग मराठींतच बोलूं की.’’ त्यांचं घराणं तंजावरचं. त्यांची मराठी ऐकताना कुणी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटतं.

त्यांना केवड्याच्या फुलात तिळाएवढा एक तपकिरी भुंगेरा सापडला होता. फुलातच राहायचं, पराग आणि रस खायचा, एवढंच त्याचं आयुष्य. तसला भुंगेरा आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. अडचण एकच होती, त्यांच्याकडे होत्या त्या सगळ्या माद्या. या कुळात दोन जातींमधला खरा फरक नराच्या पोटातल्या अवयवांत असतो. नर नाही तर नवी जात नाही, की सगळं मुसळ केरात. शिवाय ज्या एकाच बनात तो सापडला, ते चेन्नईजवळच्या कोवलमचं बन तोडायला सुरुवात झाली होती. ‘‘आतां नाही, तर मग नाहीच,’’ त्या म्हणाल्या. मेल्यावर त्याचा रंग उतरतो, म्हणून चित्र काढायला मी तिथेच हवी होते.

मिरजेहून बंगळूर, तिथे गाडी बदलून चेन्नई. जाणार असाल तर दोन गाड्यांच्या मध्ये ऐसपैस वेळ ठेवा, माझी धावपळ झाली. स्टेशनवरून रिक्षाने टी. नगर. साड्यांच्या दुकानांची रांग संपते तिथे मागच्या गल्लीत त्यांचं घर. दारावर पितळी पाटी, ‘के. गोपाळ राव’. ते बँकेतून निवृत्त झालेले, सरस्वतीअक्कांचे यजमान. त्यांचं नाव मला पाटीवरून कळलं, कारण अक्का त्यांना ‘एन्नंगो’ म्हणतात. आपल्याकडचं ‘अहो’ तेच हे.

जेवायला रसवांगी होती, वांगं, डाळ आणि चिंचेची. मी दोनदा घेतली. जेवताना मला चेष्टा सुचली. म्हटलं, अक्का, नवऱ्याचं नाव घ्या की एकदा, आमच्याकडे उखाणा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. त्या लाजल्या नाहीत, नुसत्या हसल्या. लग्नात एक पाठ करून घेतला होता, तो विसरला, आणि त्यानंतर कधी गरज पडली नाही, असं म्हणाल्या. गोपाळराव ताकाचा पेला बघत म्हणाले, ‘‘चाळीस वर्षें झाली. मीही विसरलों माझें नांव.’’

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. तिरुवान्मियूरहून ईसीआरने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या हमरस्त्याने, कोवलमच्या बस मिळतात. डावीकडे खिडकी धरा, मधूनच समुद्र दिसतो. उन्हाची टोपी आणि पायभर झाकणारे कपडे हवेतच, केवड्याची पानं करवतीसारखी कापतात. कोवलमला उतरल्यावर मासळीचा बाजार, वाळूवर ओढलेल्या होड्या. मासे खाणाऱ्यांनी तिथे तळलेला वंजिरम, म्हणजे सुरमई, जरूर खावा. मी खाल्ला आणि अक्का शेजारी बसून शहाळं प्यायल्या.

बन होड्यांच्या पलीकडे होतं. होतं म्हणजे निम्मं होतं. उरलेल्या निम्म्याच्या जागी ओंडके आणि सिमेंटचे खांब. अक्कांनी वाकून एका ओंडक्याला हात लावला. मग पदर खोचून आत शिरल्या. सुवास येतो तो केवड्याच्या नर झाडाच्या फुलाला, आणि आम्ही सुवासाच्या मागे मागे गेलो. सगळ्या बनात एकच फूल उमललेलं होतं. एरवी खाली छत्री उलटी धरायची आणि फूल हलवायचं, भुंगेरे छत्रीत पडतात. पण वारा असा सुटला होता की छत्रीच उलटून गेली. तिळाएवढा जीव त्या वाऱ्यात कुठे शोधणार? शेवटी अक्कांनी अख्खं फूल कापलं, ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. घरी जाऊन दारं-खिडक्या लावून सावकाश झाडू, असं ठरलं. बसमध्ये त्यांनी ती पिशवी मांडीवर धरली होती, तान्ह्या मुलाला धरावं तशी.

घरी पिशवी टेबलावर ठेवली. माझा सगळ्यात बारीक ब्रश प्रवासात मोडला होता, तो आणायला आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलो. परत येऊन बघतो तर पिशवी रिकामी. ओला पंचा दोरीवर वाळत टाकलेला.

गोपाळराव प्रसन्न चेहऱ्याने आतून आले. त्यांनी फूल सोडवून त्याची पाती अक्कांच्या साड्यांच्या घड्यांत ठेवली होती. त्यांची आई ठेवायची तशी. आपल्याकडेही ठेवतात, माझ्या आईच्या ट्रंकेत असायचा केवडा. अक्का खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली.

‘‘झटकलें काय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘झटकलें तर वास जातो,’’ गोपाळराव म्हणाले. मग त्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं आणि ते हळू बोलू लागले. ‘‘तूं किड्यांच्या बाटल्या आणतेस नेहमी. फूल कधी आणलें नाहीस. मला वाटलें, एकदां तरी स्वतःसाठीं आणलेंस.’’

अक्का पदर खोचून उठल्या. मला मात्र रडू येईलसं झालं, आणि त्यात केवडा किती होता आणि ते बोलणं किती होतं हे सांगता येणार नाही.

आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि कपाट उघडलं. केवडा आणि डांबराच्या गोळ्या असा एक विचित्र दरवळ आला. जमिनीवर पांढरी चादर अंथरली आणि एक एक साडी उलगडायला लागलो. घामाच्या धारा लागल्या होत्या. पहिली साडी अराक्कु, म्हणजे लाखेच्या रंगाची. तिच्यावर तपकिरी भुंगेरा दिसणं अशक्य, म्हणून गोपाळराव चष्मा कपाळावर ढकलून नाक टेकवून बघत होते. काही नाही. हिरवी, काही नाही. मग हळदी रंगाची त्यांच्या लग्नातली साडी निघाली, आणि तिच्या जरीच्या काठाशी एक ठिपका सावकाश चालत होता. डांबराच्या गोळ्यांनी गुंगला होता बिचारा, नाहीतर कधीच उडून गेला असता. मी नवा ब्रश ओला करून त्याला उचललं. त्या एका साडीत सात मिळाले. सगळे हळदी साडीतच का शिरले, हे आम्हाला कळलं नाही. गोपाळरावांचं म्हणणं, फुलाचा आतला गाभा त्यांनी मुद्दाम त्याच साडीत ठेवला होता.

त्यांतल्या एकाचा रंग उतरायच्या आत मी तो कागदावर उतरवला. मधासारखी पाठ, टोकाला तीन मण्यांची गाठ असलेल्या मिशा, आणि आखूड जॅकेट घातल्यासारखे पंख, शेपटीकडचा भाग उघडाच. अक्का सूक्ष्मदर्शकाखाली पोटं उघडत बसल्या. एक मादी, दुसरी मादी, तिसरी मादी, चौथीही. मी चित्रातून मान वर काढेना. पाचव्याला त्या उठल्या आणि गोपाळरावांना हाताला धरून घेऊन आल्या. त्यांना नळीतून काय दिसलं देव जाणे, पण ते ‘‘सेरी, सेरी’’, म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिले. नर होता. सहावाही नर निघाला.

मी मिरजेला परतले. रजा संपून शाळा सुरू झाली, पावसाने पुस्तकं भिजली, नेहमीचं सगळं. कोवलमच्या बनात आता खांबांना तारा लागल्या, असं अक्कांनी कळवलं. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. नुकतंच ओळख झालेलं कुणीतरी पत्ता न ठेवता निघून जावं, तसं. तुम्हाला किनाऱ्यावर कुठे केवडा उभा दिसला तर थोडं थांबून आत बघा.

मग काही महिन्यांनी छापायच्या आधीचा लेख आला. माझ्या चित्राखाली त्या जातीचं दोन शब्दांचं शास्त्रीय नाव होतं. मागचा अर्धा भाग मी दोनदा वाचला. ‘गोपाली’.

मी फोन लावला. म्हटलं, अक्का, नाव दिलंत छान.

‘‘दिलें नाही वो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘घेतलें.’’

मग गोपाळराव फोनवर आले. आता कुणालाही त्या किड्याविषयी बोलायचं तर त्यांचं नाव घ्यावं लागेल, आणि हिलाही, असं ते मोठ्या ऐटीत सांगत होते. तेवढ्यात मागून हाक ऐकू आली, ‘‘एन्नंगो, कॉफी निवते,’’ आणि ते फोन तसाच ठेवून गेले.