आत्याच्या पिशवीतला तिसरा हात

लिहितो लिहितो म्हणत किती दिवस टाळतोय... लिस्बनहून परत आल्याआल्याच लिहायचं होतं. पण मध्येच जव्हारला गेलो, मग मित्राचा टेम्पो वाटेत बंद पडला, त्याच्यासोबत अडकलो, मग राहूनच गेलं. आज तारापूरला आत्याच्या ओट्यावर बसलोय. नेट चांगलंय, आणि समोर अंगणात ती जवळा वाळत घालतेय. तर लिहूनच टाकतो.

आत्या पासष्टीची. सगळा जन्म बोईसरच्या बाजारात मासे विकण्यात गेला. तिचा मुलगा सुहास एका मोठ्या प्रवासी जहाजावर किचनमध्ये आहे, दोन वर्षं घरी आला नव्हता. त्याचं जहाज एक दिवस लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालला, थांबणार होतं. त्याने तिकिटं पाठवली... आईला, आणि सोबतीला मला. बारावी अर्धवट सोडली असली तरी पासपोर्ट मी कधीच काढून ठेवला होता.

अडचण एकच. बंदराच्या गेटवर पासपोर्ट दाखवला तरच आत सोडणार. तो कोणी मारला की मायलेकांची भेट गेली.

आणि तिकडचे पाकीटमार म्हणे साध्यासुध्या टुरिस्टला सोडत नाहीत, त्यातून वय झालेली बाई दिसली की संपलंच! मला तर त्या विषयाचा नादच लागला. व्हिडिओवर व्हिडिओ बघितले. एक जण तुमच्या अंगावर काहीतरी सांडतो आणि पुसायला धावतो. दुसरा सहीसाठी कागद पुढे करतो, तिसरा खालून हात घालतो. सगळ्यात भारी काय, तर आपणच सारखं चाचपून बघतो ना पासपोर्ट आहे की नाही... ते लांबून बघत असतात, आपला हात कुठे जातो ते. म्हणजे पत्ता आपणच देतो!

मग आत्याचं ट्रेनिंग सुरू केलं, बोईसरच्या बाजारातच. पिशवी पुढे घ्यायची, चेन आतल्या बाजूला. गर्दीत कोणी खेटलं की बाजूला व्हायचं. आणि मुख्य म्हणजे अनोळखी माणसाशी बोलायचं नाही.

इथेच गाडी अडली. आत्याला कोणीही धक्का मारला की ती त्याचा हात धरते आणि विचारते, "कोनाचा रे तू?" गावात सगळ्यांनाच ही सवय. आईबापाचं नाव कळल्याशिवाय पोराला सोडायचं नाही. त्या दिवशी कंपनीतून सुटलेला एक भैया तिच्या तावडीत सापडला.

"चाची, मैं तो बिहार का हूँ..."

"बिहारचा हाय, पन कोनाचा?"

त्याने बिचाऱ्याने बापाचं नाव सांगितलं. तेव्हा सुटला. मी कपाळाला हात लावला. "आत्या, तिकडे असं केलंस ना, तर सुहास दिसायचा नाय तुला!"

"बरा बरा. तोंड शिवून बसतंय मी."

लिस्बन म्हणजे नुसते चढ. आणि रस्त्यावर तारली मासळी भाजतात हो! इतक्या लांब जाऊन वास मात्र आपल्याच बंदरावरचा... आत्याने एक खाल्ली आणि म्हणाली, "मीठ जास्त हाय." असो, विषय भरकटला.

बंदराकडे जायला पिवळी ट्राम घेतली. पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात ठेवायचं ठरलं होतं, पण तो टोचतो म्हणून आत्याने सकाळीच पिशवीत टाकलेला. वर दर दोन मिनिटांनी हात लावून बघत होती. मी टोपीवाल्या एका माणसावर नजर ठेवून उभा. अगदी व्हिडिओतल्यासारखाच दिसत होता!

तेवढ्यात वळणावर ट्रामने गचका दिला आणि मागून ओळखीचा आवाज आला...

"कोनाची गो तू?"

वळून बघतो तर एक विशीतली मुलगी. एका हातात उघडलेला नकाशा, आणि नकाशाखालचा दुसरा हात थेट आत्याच्या पिशवीत. आत्याने मनगट घट्ट धरलेलं. "पडशील ना पोरी! हात किती गार गो तुजा... जेवलीस का नाय?"

मुलीला मराठी कुठून कळणार? ती हात ओढायला बघतेय, आणि आत्याला वाटतंय तिचा तोल जातोय, म्हणून ती आणखीच घट्ट धरतेय. पुढच्या स्टॉपपर्यंत असंच. वर सुहाससाठी नेलेल्या लाडवांतला एक काढून तिच्या हातावर ठेवला. दार उघडलं तशी ती पळाली... लाडू मात्र घेऊन. टोपीवाला शांतपणे पेपर वाचत होता.

पिशवीची चेन उघडी होती. पासपोर्ट अर्धा बाहेर आलेला. मी दाखवला, सगळं समजावून सांगितलं. आत्याने पासपोर्ट आत ढकलून चेन लावली.

"असंल चोर. पन कोनाची तरी असंलच ना."

गेटवर पासपोर्ट दाखवला, आत सोडलं. सुहासला अर्ध्या तासाचीच सुट्टी होती. आत्या सगळा वेळ त्याचा हात धरून बसली. मीच इकडचं तिकडचं बडबडत राहिलो.

तेव्हापासून ती मुलगी डोक्यातून जात नाही. कोणाची असेल? घरी कोण असेल? चोर कसे ओळखायचे ते मी किती बघितलं, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

हे लिहितोय तोवर दारात रिक्षा थांबलीय. कोणीतरी दाढीवाला, पाठीवर भली मोठी बॅग, सरळ अंगणात शिरला आणि जवळ्यावर पाय पडता पडता वाचला. आत्याने मान वर न करता त्याचा हात पकडलाय.

"बघून चाल की! कोनाचा रे तू?"

"तुजाच गो आये."

दिवाळीपर्यंत जहाजावरून सुटणार नव्हता हा... थांबतो इथेच. सुहास आलाय.