बुरशीची जात

कवळी बसवल्यापासून माझं बोळकं तोंड घरात कुणी पाहिलं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. सकाळी मोरीचं दार लावून मी कवळी धुवायची आणि तोंडात बसवूनच बाहेर यायची. झोपतानाही काढायची नाही. नातवंडं झाली तरी नवऱ्यासमोर लाजायचं हे खूळ माझ्यात कुठून आलं, देव जाणे.

मग तोंडाची आग सुरू झाली. टाळू लाल, जिभेवर पांढरे डाग. भरीत करायचं, सगळ्यांना वाढायचं आणि आपण दुधात भाकरी कुस्करून बसायचं. जळगावच्या दातांच्या डॉक्टरांनी बुरशी झाली म्हणून गोळ्या दिल्या आणि विचारलं, "रात्री कवळी काढता ना, मावशी?"

हे शेजारीच बसलेले. मी मान डोलावली. बोलण्यापेक्षा मला मान डोलावणं सोपं जातं, आणि खोटं असलं की आणखीच सोपं.

गोळ्या संपल्या, आग तशीच. "ही साधी दिसत नाही," असं म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्हाला धुळ्याला यंत्रावरच्या तपासणीसाठी पाठवलं. एसटीत मला एकच घोर. यंत्र सगळं सांगतं म्हणतात, मग कवळीचंही सांगेल का?

धुळ्यात देवपुरातल्या प्रयोगशाळेत हे बाहेर बाकावर बसले. पडद्याआड तिथल्या मुलीने मला कवळी काढायला लावली आणि कापसाच्या काडीने टाळू पुसून घेतला. मग चिठ्ठी वाचत म्हणाली, "म्हणजे जात सांगायची."

शाळेत चौथीपर्यंत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता की मी खाली मान घालून लगेच सांगितलं, "बौद्ध." बिनदाताच्या तोंडातून नुसती हवा निघाली. तिला कळलं नाही असं वाटून पुन्हा मोठ्याने सांगितलं. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं.

"तुमची नाही हो मावशी," ती म्हणाली, "बुरशीची."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. ती पोरगी मात्र हसली नाही. तिने समजावलं. ही बुरशी आधी बशीत घालून वाढवायची. मग तिचा कणभर भाग यंत्रात ठेवायचा, त्यावर प्रकाशाचा मारा करायचा. त्यातली प्रथिनं उडतात, हलकी आधी पलीकडे पोहोचतात, जड मागून. त्यावरून त्यांची वजनं कळतात, आणि वजनांवरून जात.

प्रथिनं म्हणजे डाळीत असतात तीच, एवढं मला माहीत होतं. मला भरीत खाता येईना आणि ह्या बुरशीला बशीत घालून जेवण. मला थोडा रागच आला.

रिपोर्ट आल्यावर पुन्हा जळगाव. डॉक्टर म्हणाले, "ही वेगळ्या जातीची निघाली. आधीच्या गोळ्यांना ही जुमानत नाही. आता औषध बदलू."

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. शेवटी राहवलं नाही. "यंत्राने कवळीचंपण सांगितलं का?"

"कवळीचं काय?"

कुणी विचारलं नव्हतं, काही नव्हतं. माझं मीच सांगून बसले होते. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मावशी, कवळी रात्रभर तोंडात ठेवली तर नवीन औषधानेही ही जायची नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "माले माहीत शे. ती घोरस तव्हय दात वाजतस."

"मग बोलले का नाही?" मी विचारलं.

"तुले लाज वाटी म्हणीसन."

इतकी वर्षं मी मोरीचं दार लावत होते आणि माझे दात ह्यांच्या कानाशी वाजत होते.

आता झोपताना कवळी वाटीतल्या पाण्यात असते. आग कमी होत चालली आहे, परवा भरीत खाल्लं. पण कवळी काढली की मी अजून भिंतीकडे तोंड करून झोपते. हे म्हणतात, भिंतीले काय दाखाडस?