आईचं ‘व्हय’

पिकोफॉलचं मशीन मी ऑनलाइन मागवलं, हप्त्यावर. सोलापुरात मशीनची दुकानं नाहीत असं नाही, पण फोनवर किंमत कमी दिसली आणि मला वाटलं, जगात आपणच तेवढ्या हुशार. खोकं आलं तेव्हा ते हलकं होतं. तिथंच कळायला पाहिजे होतं. आत निघालं काय, तर कागदाला पिना मारायचं स्टेपलर असतं ना, तेवढं एक खेळणं, हातात धरून टाके घालायचं. चित्रात मोटर होती, टेबल होतं, पायाखालचं पेडल होतं. मी खोकं उलटं करून झटकलं, आणखी काही पडतंय का बघायला. नवरा वाकून बघत म्हणाला, "बॅटरीवर चालतंय वाटतं." त्या दिवशी त्याला माझ्या हातचा चहा मिळाला नाही.

खेळणं परत पाठवलं. न्यायला आलेल्या माणसाकडून पावती घेतली, तिचा फोटो काढून ठेवला. विकणाऱ्याचं म्हणणं, आमच्याकडं परत काही आलंच नाही. हप्ते लावणाऱ्या कंपनीचं म्हणणं, ते तुमचं आणि विकणाऱ्याचं भांडण, आमचे पैसे आम्हाला द्या. एक हप्ता कापला गेला होता, पुढचे मी बँकेत जाऊन बंद करून आले. मशीन नाही तर हप्ता कशाचा? मला यात अजूनही काही चुकीचं दिसत नाही.

मग फोन सुरू झाले. आधी "मॅडम, जरा बोलायचं होतं," मग "मॅडम, शेवटची संधी आहे," मग नुसतंच "कधी भरताय?" मी घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. समोर गिऱ्हाईक बसलेलं, माझ्या तोंडात टाचण्या, आणि फोन वाजतोय. एक जण म्हणाला, घरी माणसं पाठवू. मी म्हणाले, "पाठव की! येताना माझं मशीन घेऊन या म्हणावं त्यांना." दुसऱ्यानं सांगितलं, तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना कळवू. त्याला मी जे झाडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण फोन ठेवल्यावर एक-दोनदा मोरीत नळ सोडून रडून घेतलं. हे घरात कुणाला कळू दिलं नाही.

आणि एक दिवस फोन बंद झाले. एकदम. मी मनात म्हटलं, बघा, घाबरले मेले माझ्या तोंडाला. गल्लीतल्या बायकांनाही सांगितलं, अशा लोकांशी गोड बोलायचंच नाही, चढ्या आवाजात बोलायचं, म्हणजे वठणीवर येतात. त्यांनीही माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं होतं.

माझी आई उजनीच्या पाण्याकाठच्या गावात एकटी राहते. दोन खोल्या, दोन शेळ्या, आणि मी घेऊन दिलेला बटणांचा फोन. सोलापूरला ये म्हटलं की म्हणते, शेळ्या कुटं ठेवू, तुझ्या गच्चीवर? दुपारी जेवणं झाली की मी तिला फोन करते. त्या दिवशी बोलता बोलता तिनं विचारलं, "गाभण शेळीला आता काय भाव असंल गं?"

मी म्हणाले, "मला काय विचारतेस? मी काय शेळ्या विकते का? आणि तुला कशाला पाहिजे भाव?"

"इचारलं आपलं."

आई आपलं उगीच काही विचारत नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं. त्या लोकांचे फोन तिला जात होते. मशीन घेताना फोनवरच्या फॉर्मनं घरच्या आणखी एकाचा नंबर मागितला होता. नवरा रिक्षा चालवतो, तो कधी फोन उचलत नाही, म्हणून मी आईचा घातला होता. तिनं त्यांना व्हय म्हटलं होतं, आणि म्हणून येत्या बाजाराला टेंभुर्णीत शेळी विकून ती पैसे भरणार होती.

"अगं पण कशाचे पैसे? मशीन आलंच नाही!"

"ते तू सांगितलंस की. पर मी व्हय म्हणले न्हवं त्यांला."

कपाळ माझं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडं कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्यानं व्हय म्हणायचं असतं. मोटर जळली, व्हय. पाणी लई उतरलं, व्हय. सुनेनं भांडण काढलं, व्हय. गप्प ऐकलं तर बोलणाऱ्याला वाटतं, हे माणूस रुसलंय. त्यात कबूल करण्यासारखं काही नसतं, ऐकतोय एवढंच. आता खरंच कबूल करायचं असलं तरी शब्द तोच. कुठलं व्हय कुठलं ते आवाजावरून कळतं, पण त्यासाठी कान आमच्याकडचे पाहिजेत. फोन करणारे कुठल्या तरी मोठ्या शहरात बसलेले. त्यांना काय कळणार डोंबल!

मी आईला म्हणाले, "तू नुसतं ऐकत होतीस. म्हणून व्हय व्हय केलंस. हो की नाही?"

ती म्हणाली, "तसंच असंल."

"मग शेळी विकायची नाही. मी बघते."

"आता शब्द दिलाय बाई," ती म्हणाली. "बाजारापातूर वाट बघते तुझी."

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा पोरगा शुद्ध बोलणारा. म्हणाला, आजींनी रक्कम मान्य केली आहे, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. मी त्याला व्हयचा अर्थ समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, होय म्हणजे होय." माझं डोकंच फिरलं. शेवटी त्यानंच सांगितलं, तक्रार असेल तर सोलापूरच्या ऑफिसात जा.

ऑफिस म्हणजे नव्या पेठेत एका दुकानाच्या वरची खोली. जिना असा की एक माणूस चढत असेल तर दुसऱ्यानं वर थांबायचं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, आवाज आधीच चढवून. खुर्चीत एक तरुण मुलगी बसलेली, कपाळावर भस्माची बारीक रेघ. ती म्हणाली, "बसा मावशी, पाणी घ्या." तिथंच माझी निम्मी हवा गेली.

पावतीचा फोटो तिनं नीट बघितला. कुणाकुणाला फोन केले, पावतीवरचा नंबर दोनदा वाचून दाखवला. मी तिला आईचं सगळं सांगितलं. ती हसली. ती अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी. म्हणाली, "आमची आजीपण अशीच. दिवसभर हौदु हौदु, म्हणजे तुमचं व्हय. फोनवर वीज कंपनीचं मशीन बोललं तरी हौदु म्हणते." मग म्हणाली, "थांबा, रेकॉर्डिंगच ऐकू. नुसतं ऐकून घेणं आहे असं दिसलं तर मी तसा शेरा मारते. आजींचा नंबरच काढून टाकू."

मला मनातून इतका आनंद झाला! मी खुर्ची पुढं ओढून बसले. तिनं कॉम्प्युटरचा आवाज वाढवला.

"आजी, तुमच्या मुलीने हप्ते थकवलेत."

"व्हय."

"तिच्यावर केस होऊ शकते."

"व्हय."

"घरी माणसं येतील. चार लोक बघतील. बरं दिसेल का?"

"व्हय... व्हय."

"बघा!" मी टेबलावर हात मारला. "ऐकलंत? केस होईल म्हणतोय तरी व्हय. बरं दिसेल का म्हणतोय तरी व्हय. ह्याला कबुली म्हणतात का?" मुलगी मान हलवत लिहायला लागली होती. मी विजयी होऊन मागं टेकले. रेकॉर्डिंग चालूच होतं.

आता आईचा आवाज आला, आपणहून. "लेकरा, माणसं तिच्या दारात पाठवायची न्हाईत."

"मग पैसे भरायला सांगा तिला."

"तिला तुमी सारखं फोन करताय. काल माझ्यासंगं बोलली तर आवाज बसला हुता तिचा. रडल्याली हाय ती. मला कळतंय."

"आजी, मग भरणार कोण?"

"मी भरते. शेळी हाय माझी. बाजार हू दे."

"नक्की भरणार? तुम्ही मान्य करताय?"

 मागं शेळी ओरडल्याचं ऐकू आलं.

"व्हय," आई म्हणाली. "पर एक हाय. आजपासनं तिला फोन करायचा न्हाय. काय बोलायचं ते मला बोला. रोज केला तरी चालंल."

मुलीचं पेन थांबलं. ती माझ्याकडं बघेना आणि मी तिच्याकडं. ते व्हय नुसतं ऐकून घेण्याचं नव्हतं. ते ओळखायला अक्कलकोटचे कान पुरले, माझे तर आईच्याच आवाजावर वाढलेले. माझे फोन बंद झाले होते ते माझ्या तोंडाला भिऊन नव्हे. मी गल्लीत मिरवत होते तेव्हा तिकडं ही बाई रोज त्यांच्या शिव्या ऐकत बसली होती. मला फार लाज वाटली, आणि आईचा तितकाच राग आला.

मग मुलगी म्हणाली, "मावशी, आजी कर्जदार नाहीत, जामीनही नाहीत. त्यांच्या म्हणण्याला काही अर्थ नाही." नियमाप्रमाणं ते बरोबरच होतं. तिनं तसं लिहिलंही. तेवढ्यात तिला उलट फोन आला, की परत पाठवलेलं खोकं विकणाऱ्याच्या गोदामात पोचल्याची नोंद सापडली. व्यवहार रद्द, मागणी बंद, भरलेला हप्ता परत. तिनं ते छापून, शिक्का मारून माझ्या हातात दिलं. ज्याच्यासाठी भांडायला आले होते ते सगळं मिळालं. मी तिला धन्यवाद म्हणाले की नाही ते आता आठवत नाही.

खाली येऊन गाडीवर बसले आणि आईला फोन लावला. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. कुणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला, इथपासून सुरुवात करणार होते. तिनं फोन उचलला.

"मिटलं," मी म्हणाले. "एक पैसा द्यायचा नाही. शेळी विकू नकोस."

"बरं."

"तुला आता त्यांचा फोन यायचा नाही."

"माझं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुला न्हाय न्हवं यायचा?"

"नाही, आई."

"मग झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.