बेलापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी

आपला धंदा डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडणारा आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या नवी मुंबईत शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे, अंगानं दणकट, पंजे पोळपाटाएवढे. कंपनीतली नोकरी सुटल्यावर त्यांनी मसाज थेरपीचा रीतसर कोर्स केला, सर्टिफिकेटला फ्रेम केली आणि करंजाड्यात भाड्यानं गाळा घेतला. पण बोर्डावरचा 'मसाज' हा शब्द वाचून सोसायटीतले लोक गालातल्या गालात हसतात, हे त्यांच्या कानावर आलं. मग सभ्यतेचा पुरावा म्हणून त्यांनी आत मारुतीची तसबीर लावली आणि दारात माझ्या मेव्हणीला मेथी निवडायला बसवलं. रोज मेथी. त्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जाणंच बंद केलं.

कोर्सच्या सरांनी शेवटच्या दिवशी सांगितलं होतं, की हा धंदा बोर्डावर चालत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालतो. झालं. साडूंनी तो गुरुमंत्र धरला. पिशवीत कार्डं आणि साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन ते दवाखान्यांत जात, जिममध्ये जात, योगाच्या वर्गात जात. मान मोडून काम करतात म्हणून शिंप्यांकडेसुद्धा जात. ऐरोलीच्या एका डॉक्टरांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "पेशंट पाठवू हो, पण त्यात आमचं काय?" साडूंनी त्यांना नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमची मान. डावीकडं वळत न्हाय. या कधीबी, तुमच्याकडनं काय घ्यायचं!" डॉक्टरांनी पेढे ठेवून घेतले. पेशंट काही पाठवला नाही.

शिवाय कुणाचा हात एकदा हातात आला, की तो सोडायचा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अंगठा मनगटावरून निघायचा तो थेट कोपरापर्यंत चढायचा. माझ्या भाचीच्या लग्नात स्टेजवर जाऊन ते नवरदेवाचा खांदा इतका वेळ दाबत राहिले, की मागची रांग कंटाळून आहेरासकट जेवणाकडे वळली. नवरदेव मात्र डोळे मिटून उभा होता. फोटोत अजून तसाच आहे.

पण कळस केला तो बेलापूरला. तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की पुढचं सगळं आपोआप होईल, असं साडूंच्या डोक्यात बसलं होतं. भेटीसाठी ते बाहेर बाकावर बसले. शेजारच्या काकू मान धरून होत्या. साडूंच्यानं बघवेना. "जरा खांदा सैल सोडा बघू, मावशी." मावशींना बरं वाटलं, मग त्यांच्या शेजाऱ्याला, मग समोरच्या दोघांना. तासाभरानं आतून नावं पुकारली जायला लागली, तर उठायला कुणी उरलंच नव्हतं. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "तुम्ही पेशंट मागायला आलात, की न्यायला?" साडूंनी पेढे पुढे केले. आता काय बोलायचं!

बरं, गाळ्यावर जे चार लोक यायचे, त्यांतलेही दोन ते परत पाठवत. "हे माझं काम न्हवं. ही सूज येगळी हाय, आधी डॉक्टरला दाखवा," असं म्हणून वहीच्या पानावर ठळक अक्षरात बेलापूरच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून देत. इकडून चिठ्ठ्या जात, तिकडून एक येईना. शेवटी मेव्हणीनं मेथीची जुडी आपटली आणि सांगितलं, "दसऱ्यापर्यंत एका तरी डॉक्टरची चिठ्ठी आली तर ठीक. नाही तर शटर ओढा आणि माझ्या भावाच्या गाळ्यावर बसा." भावाचा गाळा म्हणजे वाशीच्या मार्केटात, कांदा-बटाट्याचा.

श्रावणात डॉक्टरांचा फोन आला. "माझा दवाखाना रिकामा करणारे तुम्हीच ना?" त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, पाय सतत ठणकायचे, आणि कुणाचा हात तिला सोसत नव्हता. साडू रोज दुपारी जात राहिले. म्हातारी त्यांचा हात लागला की झोपायची. महिन्याभरानं ती गेली. डॉक्टरांनी यांचे हात धरून विचारलं, "तुमच्यासाठी मी काय करू?" आणि हा गृहस्थ "काय नको" म्हणून घरी आला. मी चिडलो. "अहो, चिठ्ठी मागायची ना! वर्षभर कशासाठी चपला झिजवल्या?" ते शांतपणे म्हणाले, "म्हातारीचं पाय दाबलं, पाव्हणं. त्याच्यावर धंदा मागायचा?" दसरा झाला आणि शटर ओढलं गेलं.

पुढच्याच आठवड्यात माझा खांदा आखडला. खरं तर गेल्या दिवाळीपासून, म्हणजे चांगलं वर्षभर, दुखत होता. साडूंना मी कधी दाखवला नव्हता, कारण खांदा दुखला की दाखवायचा तो डॉक्टरला, साडूला नव्हे, अशी माझी ठाम समजूत. माझं ऑफिस बेलापूरचंच, म्हणून त्याच डॉक्टरांकडे गेलो. नातं काही सांगितलं नाही. त्यांनी तपासलं आणि कागद ओढला. "गोळ्यांनी भागणार नाही. करंजाड्यात एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे जा. माझ्या आईला त्यांच्याच हातानं झोप लागायची." आणि साडूंचं नाव लिहून खाली सही केली.

ती चिठ्ठी घेऊन मी वाशीच्या मार्केटात गेलो. साडू गोण्या मोजत होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, हात कमरेच्या कळकट टॉवेलला पुसले आणि म्हणाले, "बसा. शर्ट काढा." मी कांद्याच्या गोणीवर बसलो. त्यांचा अंगठा न विचारता दुखऱ्या जागी जाऊन थांबला, आणि वर्षभराची कळ हळूहळू सुटायला लागली.

"लई दिवसांचं हाय हे," ते म्हणाले. "आधी का न्हाय आलासा?"

मान खाली घालून मी गोणीवर बसून राहिलो, आणि माझी मलाच लाज वाटली.