वलीभाईंचं हरू न देणारं टेबल

मुरुडच्या ज्या मोहल्ल्यात वलीभाई राहतात, तिथं लिफ्ट असलेली एकही इमारत नाही. ही त्यांच्या आयुष्यातली मोठीच अडचण होती. आखातात, दोह्याच्या एका हॉटेलात लिफ्टा दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि परत आले ते नारळीच्या वाडीतलं छोटं लॉज चालवायला. चालवायची खरं तर त्यांची बायको महेरुन्निसा. वलीभाई खिशात पाना घालून हिंडायचे आणि नीट चाललेल्या वस्तूंकडे खिन्नपणे बघायचे.

दोह्याच्या त्या हॉटेलच्या तळघरात पिनबॉलचं, म्हणजे उतारावरून घरंगळणारा चेंडू पंखांनी परत वर उडवत राहायच्या खेळाचं, एक मशीन होतं. वलीभाई ते कधी खेळले नाहीत, पण उघडून आतून बघताना त्यांना जेवणाची शुद्ध राहायची नाही. इथं समुद्र खवळला की किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात आणि लॉजवरची माणसं कंटाळून नुसता चहा मागत बसतात. त्यांच्यासाठी असलं एक टेबल बनवावं, पण विजेशिवाय चालणारं, असं वलीभाईंच्या मनानं घेतलं.

घरात टेबल एकच होतं, जेवायचं. त्याच्या मागच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे सरकवून त्यांनी ते उताराला लावलं. जुना पाट कापून खालच्या अंगाला दोन पंख केले आणि सायकलच्या ब्रेकच्या वायरींनी ते कडेच्या बटणांना जोडले. बटण दाबलं की पंख फटकन वर उडायचा, सोडलं की स्प्रिंग त्याला खाली ओढायची. बेअरिंगमधला छर्रा हा चेंडू. तो वर मारायला स्प्रिंगचा दट्ट्या. मधे लाकडी खुंट्या, आणि छर्रा उसळावा म्हणून खुंट्यांना रबर. रबर निघालं कुकरच्या झाकणातून.

"कुकरची शिट्टी का होत न्हाय वो?" महेरुन्निसानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"आता घंटी होईल," वलीभाई म्हणाले. आणि खरंच, छर्रा मधल्या खुंटीवर आपटला की सायकलची घंटी वाजायची.

वर जाड काच बसली, चारी बाजूंनी स्क्रू आवळले गेले. जेवण आता त्या काचेवर. उतारामुळे ताटं निसटायची, म्हणून सगळे एका हातानं ताट धरून दुसऱ्या हातानं जेवायला लागले. वरच्या टोकाला ठेवलेलं कालवणाचं भांडं आपलं आपणच सगळ्यांपर्यंत यायचं. ही सोय मात्र महेरुन्निसालाही कबूल होती.

पहिला डाव तिनंच खेळला. छर्रा वर गेला, घंटी वाजली, आणि सुळ्ळकन दोन पंखांमधल्या फटीतून तो खाली पडला.

"झालं?"

"झालं. खेळच असा असतो."

"पाव्हण्याला बोलवायचं आन् लगेच तोंडावर पाडायचं? आपल्या घरात असली रीत न्हाय."

वलीभाईंना ते लागलं. त्यांनी पंख जवळ आणले. तरी ती हरली. आणखी जवळ आणले, छर्रा कडेनं निसटायचा त्या वाटा खिळे मारून बंद केल्या. मग महेरुन्निसा मनसोक्त खेळली, मधेच जाऊन मासे तळून आली, परत खेळली. "आता कसं माणसांत आलं," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी रेवदंड्याहून याकूब हळदे मुलाला, शारिकला, घेऊन आले. वलीभाईंच्या मुलीला, मिस्बाहला, त्यांच्या शारिकसाठी बघायचं चाललं होतं. घरच्या बायका आधीच येऊन गेल्या होत्या, शेवटचा शब्द हळदेसाहेबांचा होता. मोठा मानी माणूस. चहाच्या कपाचा टवका उडालेला दिसला म्हणून त्यांनी एक स्थळ मोडलं होतं म्हणे. शारिक होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि वडिलांसमोर तोंड उघडायचा नाही.

हळदेसाहेबांनी टेबल पाहिलं, दट्ट्या ओढला, सोडला. घंटी वाजली. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"पडला की डाव संपला?"

"होय," वलीभाई म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आठवलं. फट आता छर्ऱ्यापेक्षा अरुंद होती. हा छर्रा पडणारच नव्हता.

हळदेसाहेब खेळत राहिले. शरबत आलं, बर्फ विरघळला. मिस्बाह नाश्त्याचं तबक घेऊन आली, तिला त्यांनी न बघताच दुवा दिली. महेरुन्निसानं लग्नाच्या तारखेचा विषय काढला.

"हा डाव संपला की बोलू."

"साहेब, जरा बसून घ्या."

"वलीभाई, डाव अर्धा टाकणारा माणूस न्हाय मी."

हळदेसाहेबांना खरं काय ते सांगावं, तर पाहुण्याची थट्टा केल्यासारखं होणार. काच उघडावी, तर चालू डावात काच उघडणं म्हणजे चालत्या लिफ्टचं दार उघडणं, ते वलीभाईंच्या हातून होणं नाही. हळदेसाहेबांच्या सदऱ्याला पाठीवर घाम आला, पण बोटं थांबेनात. शेवटी वलीभाई गुडघ्यांवर बसले आणि पाहुण्यांच्या पायांमधून टेबलाखाली शिरले.

"काय शोधताय वलीभाई?"

"टोपी पडली."

"टोपी डोक्यावर हाय तुमच्या."

"दुसरी."

पंखाला अडवून धरणारी वायर सोडली की तो लोंबून फट रुंद होणार होती, पण खाली वायरीचा नट गंजून बसला होता. समुद्राची हवा. वलीभाई घामाघूम झाले. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं शारिक सरपटत आत आला.

"अंकल, तुम्ही पाना धरा, मी वायर ताणतो," तो कुजबुजला.

नट फिरला, वायर सुटली. वर डावा पंख मान टाकल्यासारखा लोंबला, फट रुंदावली आणि छर्रा खडखडत खाली पडला.

"या अल्ला!" हळदेसाहेब खुर्चीत कोसळले. "आत्ता कुठं हात बसला होता!"

मिस्बाहला हसू आवरेना. "चाचा, तो पडूच शकत नव्हता. फट छोटी होती. अब्बांनी आत्ता वायर सोडली."

वलीभाईंनी टेबलाखालीच डोळे मिटले. स्थळ गेलं. मग हळदेसाहेब गडगडून हसले.

"पोरगी गमतीची हाय! बापाची बाजू घेते, माझं कसब त्याच्या नावावर लावते. ज्याला खेळता येत न्हाय त्याचा पडतो, बेटा."

मग त्यांनी नाश्त्याची बशी पुढे ओढली आणि तारीख विचारली. महेरुन्निसानं आत जाऊन मिस्बाहला तिचं मन विचारलं.

"अब्बांबरोबर टेबलाखाली शिरला ना तो," मिस्बाह म्हणाली, "तेव्हाच मी ठरवलं."

निकाह थंडीत झाला. जेवणाच्या पंगतीत हळदेसाहेब प्रत्येक नव्या पाहुण्याला थांबवून सांगत होते, की दुपार कलली तरी आपण छर्रा पडू दिला नव्हता, आणि विश्वास नसेल तर हे बसलेत त्यांना विचारा.

पाहुणे वलीभाईंकडे बघायचे. वलीभाई मान हलवायचे आणि पुलावाचा मोठा घास तोंडात घालायचे.