साडूंची जीभ आणि माझी फरशी

धुळ्यापासून बोदवडपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या साडूंइतका घाबरट माणूस जन्मला नसावा. जन्मला असेलच, तर तो घराबाहेर पडत नसल्यामुळे माझ्या पाहण्यात आलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान धुळ्याला एका कचेरीत कारकून होते आणि सगळे त्यांना नाना म्हणत. विजेचं बटण ते छत्रीच्या टोकाने दाबत. वीज गेली की आपण पंखा बंद पडला म्हणून कुरकुरतो. ती आता अचानक परत येईल या धास्तीने नाना खोलीच्या मधोमध उभे राहत. एस.टी.त ते पुढे बसत नसत, कारण टक्कर पुढून होते. मागे बसत नसत, कारण ट्रक मागून येतो. मध्ये बसले की टायर नेमका आपल्या खाली आहे हे त्यांच्या ध्यानात येई, आणि मग पारोळ्यापर्यंत पाय वर घेऊन मांडी घालून बसत. पण या सगळ्या भीतींच्या वर एक मोठी भीती होती, कोणी आपल्याला खोटा माल देईल ही. त्यापायी ते पितळेच्या तांब्याला टिचकी मारून कान लावत, मीठ पाण्यात विरघळवून तळाशी काय बसतं ते बघत, आणि फरशी चाटत.

चाटण्याचा भाग मी रंगवून सांगत नाही. पोर्सलिनची फरशी त्या वर्षांत आमच्या खानदेशात नवीनच आली होती आणि साधी फरशी पोर्सलिन म्हणून खपवणारे दुकानदारही तिच्यामागोमाग आले होते. नानांनी त्यावर तोड काढली होती. फरशीची फुटकी कड बघायची. वर पांढरा मुलामा आणि आत विटेसारखी माती दिसली तर साधी. वरचा रंग खालपर्यंत तोच असला तर पोर्सलिन. कड शाबूत असली तर फरशी उलटी करून तिच्या पाठीला जीभ लावायची. साधी माती पाणी ओढते, जीभ चिकटते. पोर्सलिन इतकं कडक भाजलेलं असतं की जिभेला दाद देत नाही.

आता माझं ऐका. मी केळीच्या गाड्या भरत, पाठीवर घड वाहत वर आलेला माणूस. माझ्याशी भाव ठरवताना भलेभले व्यापारी पाणी मागतात. पिंप्राळ्यात घर बांधलं तेव्हा फरशी घ्यायला धुळ्याला गेलो आणि गावचा माणूस बरोबर असावा म्हणून नानांना घेतलं. दुकानदाराला मी सकाळपासून धरलं होतं. "शेठ, ही साधी माती आहे, वरून चमक मारलीये. पोर्सलिनचा भाव कशाचा सांगता?" ती अस्सल आहे हे मलाही दिसत होतं, पण भाव करायचा म्हणजे असं बोलावंच लागतं. शेठचा घसा कोरडा पडला होता. "बरं भाऊ, तुमचंबी राहू द्या, माझंबी..." एवढं त्याच्या तोंडून निघालं, आणि मागून खणखणीत आवाज आला, "अस्सल शे, भाऊ! मी चाटी पाही! बिनघोर ल्या!"

वळून बघतो तर नाना फरशी उलटी धरून, जीभ बाहेर काढून, आनंदाने उभे. शेठने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मला पूर्ण भाव लावला. जन्मभर तोंड उघडायला घाबरणारा हा माणूस नेमका त्या दिवशी निर्भय झाला. मी ते विसरलो नाही. पुढे कित्येक महिने आमचं बोलणं 'कसं काय' आणि 'बरंय' यापलीकडे गेलं नाही.

फरशी बसली. आरशासारखी चकाकली. आणि आमच्या घरात भीती शिरली. माझे वडील, आबा, यांची एक बाजू वाऱ्याने लुळी झाली होती. खाट दिवाणखान्याच्या मधोमध, मोरी पलीकडच्या टोकाला. आबा काठी टेकत खाटेच्या कडेला येऊन थांबत. "हाई पाणी शे का फरशी?" एकदा काठी सटकली आणि ते खाटेवरच पडले म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी पाणी पिणं सोडलं. तांब्या भरलेला तसाच. उठावं लागू नये म्हणून माणूस तहान मारत होता. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी ओरडायचो, "आबा, प्या ना!" ते फरशीकडे बघायचे. माझी भीती रागासारखीच बाहेर पडते.

आधाराला भिंत लांब, म्हणून खाटेपासून मोरीपर्यंत जमिनीतच खांब रोवून लोखंडी कठडा करायचं ठरवलं. मिस्त्री ठोकणारं ड्रिल घेऊन आला. टोक फरशीवर घसरत होतं, लाल होत होतं. "जोर लाव!" मी खेकसलो. त्याने जोर लावला. ताडकन आवाज झाला आणि फरशीवर चांदणीसारखी भेग पडली. आबांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. अशा फुटक्या फरशीत खांब डगडग हलणार, आणि हलणाऱ्या कठड्यावर भार टाकून आबा पडले तर? मिस्त्रीला मी हाकललं.

बायकोने मला न विचारता धुळ्याला निरोप धाडला. नाना पिशवी घेऊन आले. आल्या आल्या फुटकी कपची उचलली, कड निरखली.

"मी सांगेल व्हतं ना, अस्सल शे."

"त्यावर आता बोलू नका, नाना," मी म्हणालो.

पिशवीतून हाताने फिरवायचं जुनं ड्रिल निघालं, फ्रीजवाल्याकडून मागून आणलेली, खांबाच्या जाडीची तांब्याची नळी निघाली, आणि गॅरेजवाले लोखंड घासायला वापरतात ती खरखरीत पेस्ट. खुणेभोवती त्यांनी कणकेचं आळं केलं, त्यात पाणी ओतलं. "विजेचं ड्रिल?" मी विचारलं. ते दचकले. "वीज आणि पाणी एका जागी? मना हात नई लागाव!" मग ड्रिलच्या तोंडाला नळी बसवून ते फरशीजवळ बसले आणि हळूहळू दांडा फिरवू लागले. नळी पेस्टमध्ये फिरत होती, फरशी कणाकणाने झिजत होती. ठोकणं नाही, दाबणं नाही. थोडं फिरवायचं, उचलायचं, बघायचं, पाणी बदलायचं.

"अहो, दिवस मावळेल!"

"मावळू द्या, भाऊ. तिला कळूच द्यायचं नाही आपण भोक पाडतोय ते."

नळी सरळ धरायला मी खाली बसलो. शेवटी आळ्यातल्या गढूळ पाण्यातून रुपयाएवढा गोल तुकडा अलगद सुटून आला. भोवती एकही भेग नाही. खालचं काँक्रीट मग छिन्नीनेच फोडता आलं. असं एकेक भोक पाडत त्यांनी रजा वाढवली, माझ्या घरची कणिक संपवली, पण सगळे खांब उभे केले.

कठडा झाला, आणि आबा हात लावेनात. तेव्हा नाना पुढे झाले. प्रत्येक खांब त्यांनी हलवून पाहिला. मग कठडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, आणि छत्रीने बटण दाबणाऱ्या त्या माणसाने दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. सगळा भार कठड्यावर टाकून ते लोंबकळत राहिले, ओठ पुटपुटत. काही हललं नाही. "आबा," डोळे न उघडताच ते म्हणाले, "या आता."

आबा उठले. कठडा धरून मोरीपर्यंत गेले, परत आले, खाटेवर टेकले. मग म्हणाले, "पाणी दे रे." मी तांब्या दिला. तो त्यांनी घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

आता आबा नाहीत, नानाही नाहीत. कठडा तसाच आहे, आबांचा हात फिरून फिरून वरून गुळगुळीत झालेला. परवा लेकीच्या घरासाठी जळगावात फरशी बघायला गेलो होतो. "ही साधी माती आहे, शेठ," म्हणत मी नेहमीसारखी सुरुवात केली. दुकानदार फोनवर वळला तेव्हा फरशी उलटी केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पाठीला जीभ लावली. चिकटली नाही. मी तसाच उभा राहिलो. मागून कोणी ओरडेल म्हणून वाट बघत होतो बहुतेक. दुकानदाराने भाव सांगितला, मी हो म्हणालो. घासाघीस करायची राहूनच गेली.