बैलांच्या वाटची पुरणपोळी

मिशिगनमधल्या त्या गावात मला मराठी बोलायला एकच घर होतं, नागपूरच्या काकूंचं. काका आयटीत, कायम बाहेरगावी. मुलं इंग्रजीत उत्तर देणारी. त्यामुळे रविवारी मी जेवायला गेलो की काकू मनसोक्त बोलायच्या. बाकीचा आठवडा मी तोंड उघडायचो ते जांभई द्यायला.

मी विद्यापीठात नेमकं काय करतो, हे त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. 'जनावरांचा डॉक्टर' एवढं त्यांना पुरे होतं, आणि मलाही. माझा विषय होता मांस. गोऱ्हा लहानपणीच खच्ची केला तर मांसात चरबीचे बारीक पांढरे धागे धरतात, ते मऊ शिजतं. तसाच वाढू दिला तर अंगावर मांस जास्त भरतं, पण काळपट आणि चिवट. वय वाढलं की आणखी चिवट. मग खच्ची कधी करायचं आणि कापायचं कधी? थंडगार खोलीत टांगलेल्या धडांच्या बरगड्यांमध्ये टॉर्च मारून मी हेच बघत बसायचो. बैल आमच्याकडेही खच्ची करतातच की. पण ते नांगरासाठी.

२००४ च्या पोळ्याला काकू म्हणाल्या, "तुझ्याकडे बैल आहेत ना? मला घेऊन चल. कित्येक वर्षांत बैलाच्या कपाळाला हात लागला नाही रे." नाही कसं म्हणणार? बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

हळदकुंकू आणि स्टीलच्या डब्यात पुरणपोळ्या घेऊन त्या आल्या. विद्यापीठाच्या गोठ्यातले काळे, तुकतुकीत गोऱ्हे बघून हरखल्याच. एकाच्या कपाळाला कुंकू लावलं, ते काळ्या केसांत दिसलंही नाही. हात जोडले. मग त्यांनी पोळी काढली, तसा मी हात आडवा धरला.

"काकू, चारू नका. यांचं खाणं वजन करून देतो आम्ही. प्रयोग आहे."

"सणाचा एक घास तर देऊ दे."

"नाही चालत."

"काहून? कामाला कधी जुंपणार यांना?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण आत्ताच त्यांनी बैलाला हात जोडले होते, खोटं बोलायला माझी जीभच रेटेना. मी सांगून टाकलं. सगळं नाही, पण पुरेसं.

काकू थोडा वेळ त्या गोऱ्ह्याची मान खाजवत राहिल्या. मग डबा माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसल्या. वाटेत एकदाच म्हणाल्या, "डावीकडे घे." मला तो रस्ता पाठ होता.

बैलांच्या वाटच्या पोळ्या मी खोलीवर उभ्याउभ्याच खाल्ल्या. सुरेख झाल्या होत्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी जेवायला ये म्हणून फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. डबा घासून ठेवला होता. डबा रिकामा परत करू नये म्हणतात, पण माझ्या हातचं त्या घरात आता चालेल का, तेच कळेना. शेवटी दुकानातून साखर आणून भरली. साखरेला कोण काय म्हणणार?

काकूंनी दारातच डबा घेतला. "बारीक झालास रे," म्हणाल्या, आणि खरोखर मायेनं म्हणाल्या. आतून फोडणीचा वास येत होता. मी बूट काढायला वाकलो. काकू दारातून हलल्या नाहीत.

मी सोडलेली लेस पुन्हा बांधली.